दीर्घिका भिडतात तेव्हा आपटतो तो वायू, तारे नव्हेत

मावशीने एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. परवा रात्री तिचा फोन आला. "अगं, महास्फोट झालाच नाही म्हणे. मग मी पोरांना इतकी वर्षं खोटं शिकवलं का?" 2022 पासून फिरणारा तोच मेसेज तिच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर पोचला होता: जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने महास्फोट (बिग बँग, जिथून विश्वाचं प्रसरण सुरू झालं) खोटा ठरवला, दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह, एकमेकींत मिसळतात ही थाप, तसं असतं तर तारे आपटून राख झाले असते, शास्त्रज्ञ घाबरलेत. मावशीला झोप लागली नाही, म्हणून मी लिहायला बसले.

आधी ती राख. सूर्य म्हणजे एक मिलिमीटरची मोहरी धरा. सर्वांत जवळचा तारा मग तीसेक किलोमीटरवर, पुण्याहून सासवडला जावं तेवढा लांब. इतक्या विरळ मोहऱ्या एकमेकींवर आपटणार कशा? वायूचं तसं नाही. तो पसरलेला असतो, दोन दीर्घिकांचा वायू समोरासमोर आला की आरपार निघून जाऊ शकत नाही. तो दाबला जातो, तापतो, किरणांवाटे ऊर्जा गमावून थंड होतो, बराचसा केंद्राकडे घसरतो आणि तिथे भराभर तारे जन्मतात.

हे कागदावरचं गणित नव्हे. जानेवारी 2018च्या 'नेचर'मधला एसपीटी 0311-58 वरचा शोधनिबंध काढून बघा. महास्फोटानंतर 78 कोटी वर्षांनीची दीर्घिकांची जोडी, दोघींत दिसणारं अंतर सुमारे 26 हजार प्रकाशवर्षं. मोठीत 270 अब्ज सूर्यांइतका वायू, आणि वर्षाला 2,900 सूर्यांच्या वस्तुमानाचे तारे तयार होताहेत, धाकटीत 540. आपल्या आकाशगंगेत हाच आकडा एक-दोन! चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने हे टिपलं तेव्हा वेब अजून जमिनीवरच होती. आणि टिपलं कशाने? तिथला कार्बन 158 मायक्रॉन (सुमारे 0.16 मिलिमीटर) तरंगलांबीचा प्रकाश सोडतो, तो इथे पोचला सव्वा मिलिमीटरचा होऊन, जवळजवळ आठपट ताणला जाऊन. विश्व प्रसरण पावतं म्हणून तो ताणला गेला. मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं हेच नको आहे.

एक मात्र कबूल करावं लागतं. वेबला दिसलेल्या आरंभीच्या दीर्घिका अपेक्षेहून तेजस्वी निघाल्या. महास्फोटानंतर जेमतेम 29 कोटी वर्षांनीच्या एका दीर्घिकेत 2025 मध्ये ऑक्सिजनही सापडला. म्हणजे वायूपासून तारे किती झपाट्याने बनतात, हा हिशेब सुधारायला हवा. 1965 मध्ये सापडलेलं पार्श्वप्रारण, म्हणजे महास्फोटानंतर उरलेली, आकाशात सगळीकडून येणारी मंद ऊब, त्याने पुसलं जात नाही.

राहिलं 'घाबरलेत'. कॅन्सस विद्यापीठाच्या खगोलशास्त्रज्ञ ॲलिसन कर्कपॅट्रिक दीर्घिकांच्या जडणघडणीवरच्या आपल्या कामाबद्दल बोलल्या होत्या. त्यांचं वाक्य तोडून महास्फोटाला चिकटवलं गेलं. त्यांनी जाहीर निषेध केला, तो मेसेजमध्ये नाही.

मावशी, हे त्याच ग्रुपवर टाक. मोहरीचं उदाहरण तूच मला सातवीत दिलं होतंस.