फुकटच्या बोलण्याला कान कोण देणार?

२००३ साली स्काइप आले, २०१६ मध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला आणि फोनवरचे मिनिट मोजण्याचे दिवस संपले. मग आपण एकमेकांचे ऐकणेच का थांबवले? घड्याळाकडे पाहत केलेल्या तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलमध्ये तब्येत, निकाल, रुसवा, सारे सांगून व्हायचे. आता तासभर कॉल चालू असतो, मुलगा दुसऱ्या खिडकीत मेल वाचत ‘हं, हं’ म्हणत असतो, नातवाला ‘आजीला टाटा कर’ म्हणून दोन सेकंद कॅमेऱ्यासमोर धरले जाते, आणि आजी मात्र त्या दोन सेकंदांसाठी सकाळपासून फोनचे चार्जिंग जपून बसलेली असते. मला हे आता पाहवत नाही. पैसे लागत नाहीत म्हणून लक्षही द्यायचे नाही, असे कोणी ठरवले?

शिक्षणाचीही तीच गत. आपले अभ्याससाहित्य जगाला मोफत देण्याची घोषणा अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००१ मध्येच केली. केवढी मोठी गोष्ट! आणि आपण? ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद, माइक बंद, हजेरी लागली की विद्यार्थी पसार, शिक्षक काळ्या चौकोनांना प्रश्न विचारत राहतात. पालकांच्या ग्रुपवर रोज सूचनांचा पाऊस पडतो, पण माझ्या मुलाला अपूर्णांक का कळत नाहीत, हे सांगायला कोणालाच पाच मिनिटे सापडत नाहीत.