कनेक्टेड आहे, पण नांदत नाही

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्याला बिनतारी, म्हणजे ब्लूटूथचा, हेडफोन जोडून पाहावा. पडद्यावर ‘कनेक्टेड’ लिहिलेलं असतं, बॅटरी किती टक्के उरली तेही असतं आणि कानात ठणठणगोपाळ.

मी हेडफोन हौसेनं घेतला नाही. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास घुटमळायला लागला की कूलरशिवाय गत नाही. तीन बाजूंनी ओला वाळा लावलेला तो पत्र्याचा डबा जोरात सुटला की शेजारच्या माणसाकडेही चहा ओरडूनच मागावा लागतो. त्यात मला पुण्याच्या ऑफिसची मीटिंग ऐकायची असते. घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून गावी येऊन राहिलो, तेव्हा कूलर कुणाच्या डोक्यात होता?

या भानगडीचं मूळ मला फार उशिरा कळलं. पेअर होणं म्हणजे साक्षगंध. दोघांनी एकमेकांचं नाव-गाव लिहून घेतलं, बस. कनेक्ट होणं म्हणजे लग्न. पण आवाज येणं म्हणजे नांदणं, आणि त्याची हमी ब्लूटूथ देतच नाही. ते खातं साउंडच्या सेटिंगचं. तिथं आउटपुट म्हणून कोण निवडलंय ते वेगळं पाहावं लागतं. आमच्याकडे लाईन जाऊन आली की कॉम्प्युटर परत सुरू होतो तो सगळा आवाज मॉनिटरकडे सोपवूनच. मॉनिटरला स्पीकरच नाही! तरी यादीत त्याचं नाव पहिलं, आणि तोही मुकाट्यानं सगळं गिळत बसतो.

यादीत हेडफोनही एकटा नसतो. एकाच वस्तूची दोन नावं दिसतात, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री. गाणी ऐकायची सोय वेगळी, बोलायची वेगळी. मीटिंग सुरू होऊन हेडफोनचा माईक चालू झाला, की चांगला भरदार आवाज क्षणात पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, कारण ऐकणं आणि बोलणं दोन्ही त्या हँड्स-फ्रीच्या अरुंद वाटेनं जातं. विंडोजच्या नव्या आवृत्तीत ही दोन नावं एक करून टाकलीत, पण आवाज बसायचा तो बसतोच. यावर मला सापडलेला उपाय एकच. माईक वेगळा, तारेचा, स्वस्तातला घ्यायचा आणि हेडफोनला फक्त ऐकायचं काम द्यायचं.

तो माईक घेण्याआधी वरुडच्या मावशीचा फोन आला होता. आई रात्री याच हेडफोनवर तुकडोजी महाराजांची भजनं ऐकते, त्यामुळे तिचा मोबाईलही त्याला जोडलेला. हा हेडफोन एका वेळी दोन उपकरणं सांभाळतो, असं खोक्यावर मोठ्या अभिमानानं छापलेलं होतं. सांभाळतो म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. मी साहेबांना सांगत होतो, “सर, दोन फाईल पेंडिंग आहेत,” आणि कानात आवाज आला, “हे कोण बाप्या बोलून रायला वं तुह्या घरी?” तिकडे स्वयंपाकघरात आई मुक्या मोबाईलवर ओरडत होती, “जोरानं बोल वं, आवाजच नाही येऊन रायला!” पडद्यावर साहेबांचे ओठ हलत होते. मी म्हणालो, “मावशी, मी आहो.” तर मावशी म्हणते, “मंग असा साहेबावानी काऊन बोलून रायला?”

स्टँडवरच्या मोबाईलवाल्या पोरानं एक गोष्ट मात्र कामाची सांगितली. “भाऊ, नाव दोन्हीकून काढा लागते.” खरंच आहे. कॉम्प्युटरमधून काढलं आणि हेडफोनमध्ये राहिलं, तर जुन्या ओळखीच्या किल्ल्या जुळत नाहीत आणि नवी जोडणी अडते. हेडफोन रिसेट मारला, सर्व्हिसेसमध्ये जाऊन ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस पुन्हा सुरू केली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशी एक खूण असते, तीही काढली. आमच्या गावात वीज वाचवायला कॉम्प्युटरची मदत लागत नाही, ती आपसूकच वाचते.

तरीही आवाज तुटायचाच, आणि तोही दुपारीच. सकाळी सगळं ठीक. बाबा म्हणाले, “उनानं तापत असंन.” पण कारण निघालं कूलर. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यातली वायफायची गर्दी चुकवायला ते सेकंदाला 1600 वेळा वाहिनी बदलतं, पण पत्र्यातून त्याला आरपार जाता येत नाही आणि पाणी त्याच्या लहरी शोषून घेतं. माझा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला ब्लूटूथ देणारी यूएसबीची कांडी, सीपीयूच्या मागे, मी खिडकीशी आणि मधोमध टाकी भरलेला कूलर. दुपार झाली की आई तो ओढून तिथंच आणायची. वर डोंगलला खेटून यूएसबी 3 ची हार्ड डिस्क लावलेली. तिची वायर याच पट्ट्यात गोंगाट करते, असं इंटेलनं स्वतःच 2012 साली लिहून ठेवलंय.

मग तालुक्याहून यूएसबीची लांब एक्स्टेंशन वायर आणली. 1994 साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीनं तारांची कटकट मिटवायला ज्या तंत्राचं काम सुरू केलं, त्यासाठी मी तार विकत घेतली. ती सीपीयूपासून भिंतीभिंतीनं नेली, पलीकडच्या खिळ्याला टांगली आणि टोकाला डोंगल लावला. आवाज असा स्वच्छ यायला लागला की साहेबांचं घोट घोट चहा पिणंही ऐकू यायचं. पुढच्याच आठवड्यात भर मीटिंगमध्ये तो परत तुटायला लागला. वळून पाहिलं, तर डोंगलवर बाबांचा ओलागच्च दुपट्टा.

“तार रिकामीच तं होती नं बावा,” आई म्हणाली.