‘सिमेंटचं खोकं’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. रत्नागिरीच्या बाजारातल्या, साठच्या दशकातल्या बँकेच्या इमारतीवर मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: “कोकणाशी काडीचं नातं नसलेलं हे सिमेंटचं खोकं. कौलारू घरं सोडून याचं कौतुक पुण्यात बसलेलाच माणूस करणार. गळतं, पार्किंग नाही, पाडलेलं बरं. आणि फरशी शहाबादी नाही, मोझॅक आहे.”

फरशीचं तुमचं बरोबर. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘पुण्यात बसलेला’? नोकरीसाठी पुण्यात राहतो, खरं. माझे वडील याच शाखेत कॅशियर होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिथल्या बाकावर त्यांची वाट बघत बसायचो. बाहेर घामाच्या धारा आणि आत पंखा बंद असला तरी वारा. खाली सिमेंटची जाळी, वर छताला लागून झरोके. गरम हवा वरून निघून जायची. हे मी पुस्तकातून नाही, अंगावर घेऊन शिकलो. कुणाला गावाबाहेरचा ठरवण्याआधी निदान विचारायची रीत आहे.

आता ‘खोकं’. पश्चिमेला समुद्राकडून येणारं तिरपं ऊन अडवायला उभ्या पट्ट्या आहेत; चंदीगड उभारणारा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए, त्याने तिथे उन्हासाठी हेच केलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे, म्हणून छज्जा एवढा पुढे काढलाय की खाली दहा माणसं कोरडी उभी राहतात. पडवीच की ती! जोतं तर जांभ्याचंच आहे.

आणि तुमची कौलं? मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. ती किनाऱ्याने वर आपल्याकडे आली. त्याआधी इथे नळ्याची कौलं होती, गवताची छपरं होती. बाहेरून आलेलं मंगलोरी कौल आपलं झालं, मग सिमेंटनेच काय घोडं मारलं?

गळतीचं म्हणाल, तर खाऱ्या हवेने सळी गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे निघतात. वेळच्या वेळी दुरुस्ती लागते. कौलंही आपण दर मे महिन्यात परततोच ना? मग इमारतीलाच दोष का?

पार्किंगवर मी बोलणार नाही.

मे महिन्यात गावी येतोय. दुपारी बँकेत या, झरोके दाखवतो. फक्त ते ‘पुण्यात बसलेला’ आधी मागे घ्या.