बौद्धवाद म्हणे!

आज दुपारी बर्डीवर एका झेरॉक्सच्या दुकानात स्पर्धा परीक्षेच्या नोट्सची एक शीट हाती लागली. एकच कागद, पाठपोट छापलेला. वर ठळक मथळा 'इझमचे शब्द व मराठी अर्थ', खाली चाळीसेक इंग्रजी शब्द, आणि जवळपास प्रत्येकासमोर डोळे मिटून लावलेला 'वाद'. पहिल्या पानाच्या मध्यावर ही ओळ: बुद्धिझम, बौद्धवाद.

नागपुरात! दीक्षाभूमी तिथून ऑटोने किती लांब, हे तुम्हाला सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ला लाखो माणसांनी जे स्वीकारलं त्याला धम्म म्हणतात. तो शब्द बाबासाहेबांनी इतका तोलून वापरला की इंग्रजीतल्या रिलिजनपासूनही धम्म वेगळा काढून दाखवला. आणि आपण काय करतो? त्याला मागून वाद चिकटवतो, स्टेपलर मारल्यासारखा. गंमत म्हणजे याच शीटवर दोन ओळी खाली जैनिझमसमोर 'जैन धर्म' असं बरोबर लिहिलंय. म्हणजे टायपणाऱ्याला कळत होतं. मग बुद्धावरच मेहेरबानी काहून?

इझम दिसला की वाद, हे खूळ शाळेत लागतं. सोशालिझम, कम्युनिझम, नॅशनॅलिझम हेच आपल्याला आधी भेटतात, आणि त्या तिघांना वाद बरोबर बसतो. मग तोच साचा सगळीकडे. पण हा प्रत्यय राजकारणाच्या कितीतरी आधीचा आहे. ग्रीकमध्ये 'इझेइन'ने संपणारी क्रियापदं असायची, आणि त्या क्रियेचं नाम करायचं तर शेवटी 'इस्मोस' यायचा. तिथून लॅटिनमध्ये इस्मुस, फ्रेंचमध्ये इस्म, इंग्रजीत इझम. बाप्टिझेइन म्हणजे पाण्यात बुडवणं, म्हणून बाप्टिझम. आपल्याकडचा ख्रिस्ती माणूस आजही बाप्तिस्मा म्हणतो. त्यात पाणी आहे, विधी आहे, वाद कुठेच नाही.

म्हणजे या प्रत्ययाचं मूळ काम मत सांगण्याचं नाही, कृती सांगण्याचं. क्रिटिसिझम म्हणजे टीका. प्लेजिअरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य. लॅटिनमध्ये प्लेजिअरियस म्हणजे माणसं पळवून नेणारा, पुढे ते नाव दुसऱ्याच्या ओळी पळवणाऱ्याला चिकटलं. व्हँडलिझम म्हणजे नासधूस. व्हँडल टोळ्यांनी ४५५ साली रोम लुटलं, पण हा शब्द त्यांच्या नावाने निघाला तो थेट १७९४ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत. टुरिझम म्हणजे पर्यटन. शीटवर काय आहे? 'पर्यटनवाद'. ताडोब्याला जिप्सी बुक करणाऱ्या माणसाने नेमका कोणता वाद घातला, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

आणि रोग! इथे तर शीटने कमाल केलीय. ऱ्ह्युमॅटिझम: 'संधिवाद'. बावा, संधिवात! त असतो तिथे, द नाही. (ही छपाईची चूक म्हणून सोडलीही असती, पण शेजारी अल्कोहोलिझमला 'मद्यवाद' आहे, तेव्हा सोडत नाही.) अल्कोहोलिझम हा शब्द मॅग्नुस हुस नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १८४९ मध्ये वापरात आणला, आणि तो मुद्दाम रोगाच्या नावासारखा घडवला, कारण दारूने शरीरावर होणारे परिणाम त्याला आजार म्हणून मांडायचे होते. 'मद्यवाद' म्हटलं की दारुडा एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता वाटायला लागतो. मद्यासक्ती म्हणा, नाहीतर सरळ दारूचं व्यसन म्हणा. बॉट्युलिझममध्ये लॅटिन बॉट्युलस, म्हणजे सॉसेज, बसलाय, कारण हा विषबाधेचा प्रकार आधी जर्मनीत बिघडलेल्या सॉसेजमुळे लक्षात आला. ॲस्टिग्मॅटिझममध्ये स्टिग्मा म्हणजे बिंदू आणि आधीचा अ नकाराचा: किरणं डोळ्यात एका बिंदूवर येत नाहीत, आणि म्हणून चष्म्याच्या चिठ्ठीवर सिलिंडर आणि ॲक्सिसचे आकडे येतात.

ऑटिझमला शीटवर 'आत्मवाद' आहे. इथे मला हसू येत नाही. ग्रीक ऑटोस म्हणजे स्वतः, तेवढ्यावरून कोणीतरी उडी मारली. हा शब्द ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका लक्षणासाठी काढला, आणि १९४३ मध्ये कॅनरने मुलांच्या संदर्भात तो मांडल्यावर आजच्या अर्थाकडे वळला. मराठीत त्याला स्वमग्नता हा शब्द रुळलाय. ज्या घरात असं मूल आहे त्या घरातल्या कोणी 'आत्मवाद' वाचला तर काय वाटेल, एवढा तरी विचार करायचा होता.

ओळखायचं कसं, तर फार अवघड नाही. शेवटचा इझम झाका आणि काय उरतं ते बघा. हिरो उरला तर गुण: वीरता. अल्कोहोल उरला तर बहुतेक आजार किंवा स्थिती. मग 'आइझ'वालं क्रियापद आहे का ते बघा: क्रिटिसाइझ, बाप्टाइझ, प्लेजिअराइझ असं निघालं तर बहुधा कृती. मात्र सोशलाइझवर फसू नका, त्याचा रोजचा अर्थ चारचौघांत मिसळणं, त्याचा समाजवादाशी संबंध नाही. तिसरी गोष्ट म्हणजे त्या शब्दाचा माणूस कोण. सोशालिस्ट समाजवाद मानतो, पण टुरिस्ट काही मानत नाही, तो फिरतो. शेवटी एक वाक्य बोलून बघा: 'मी अमुक मानतो.' 'मी समाजवाद मानतो', बसलं. 'मी चुंबकत्व मानतो', 'मी संधिवात मानतो', नाही बसत. जिथे हे वाक्य बसत नाही तिथे वाद लावू नका. नव्वद टक्के चुका इथेच थांबतील. हो, नव्वद हा आकडा माझा, रागाचा.

मेकॅनिझम यंत्रणा, ऑर्गॅनिझम सजीव, मेटाबोलिझम चयापचय. हे शास्त्राचे शब्द शीटवर बरोबर आहेत, कबूल. कुठल्यातरी पाठ्यपुस्तकातून उचलले असतील. पण प्रिझम? 'प्रिझम: लोलकवाद'! प्रिझमच्या शेवटी तो प्रत्ययच नाही. ग्रीक प्रिझ्मा म्हणजे करवतीने कापलेली वस्तू, मुळातच 'करवतणं' आहे. स्किझमचंही तेच, मूळ धातू फाडण्याचा, म्हणून अर्थ फूट. नुसती अक्षरं जुळली की प्रत्यय होत नाही. नाहीतर आपल्या 'संवादा'तही वाद आहेच की, म्हणून संवाद म्हणजे काय संचं तत्त्वज्ञान?

आता कोणीतरी म्हणेल, वाद या शब्दाशी तुझं काय वाकडं आहे? काही नाही. उलट तो मोठ्या घरचा शब्द आहे. वद् म्हणजे बोलणं. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: सत्य शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याची पाडतात ती वितंडा. आपला वितंडवाद तिथलाच. एवढ्या नेमक्या शब्दाचा आपण स्टेपलर केला, राग त्याचा आहे.

शिवाय मराठीकडे या कामाला भरपूर हत्यारं आहेत. ता, त्व, पणा, बाजी, शाही. हिंदीत पूंजीवाद, पण आपल्यात भांडवलशाही, कारण ते नुसतं मत नाही, ती सत्ता आहे. हा बारकावा इंग्रजी कॅपिटॅलिझममध्ये दिसतही नाही. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले ते मराठीत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असेच बोलले जातात. आणि लगेच खुलासा केला, की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण या समाजाची सत्ता असं मला म्हणायचं नाही, स्वातंत्र्य, समता, बंधुत्व नाकारण्याची वृत्ती म्हणजे ती. इझमचा शब्द वापरला आणि तिथल्या तिथे त्याचा अर्थ बांधून दिला. आणि त्यांच्याच शहरात आपण चाळीस शब्दांना एक ठसा मारतो.

धर्मांची नावं तर फारच जपून घ्यावी लागतात. इस्लामला इझम लागत नाही. जुने इंग्रज मोहॅमेडॅनिझम म्हणायचे, मुसलमानांना ते नाव मान्य नव्हतं, कारण भक्ती अल्लाहची, पैगंबरांची नाही. एक प्रत्यय लावला की श्रद्धेचा अर्थच फिरतो, हे त्यांनी सांगितलं आणि जगाने ऐकलं. बौद्धवादाबद्दल आपण सांगायला नको?

आणि कास्टिझम. शीटवर 'जातिवाद', आणि हे चूक म्हणून खोडता येत नाही, पेपरात रोज छापून येतं, भाषणात येतं, मीही लिहिलाय हा शब्द. रूढ झालाय, मान्य. पण ऐका तरी तो कसा वाजतो. वाद म्हटलं की दोन बाजू आल्या, दोघांची मतं आली, चर्चा आली. आडनाव ऐकून घर भाड्याने न देणारा माणूस कोणतं मत मांडत असतो? रेसिझम, सेक्सिझम, एजिझम ही सगळी एका जातकुळीची: मागच्या शतकात बनलेले, भेदभावाला नाव ठेवण्यासाठी बनलेले शब्द. एजिझम तर १९६९चा, अमेरिकेतल्या रॉबर्ट बटलर या डॉक्टरने म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीसाठी काढलेला. रेसिझमला आपण वर्णद्वेष म्हटलं तेव्हा किती नेमकं म्हटलं! द्वेष आहे, तर द्वेष म्हटलं. हजारो मैलांवरच्या पापाला द्वेष, आणि गल्लीतल्या पापाला वाद. सोयीचं आहे, नाही? जातिभेद, जातिद्वेष, जातीयता, तिन्ही शब्द घरात पडून आहेत.

असो. जरा शांत होते. दुकानात माझ्या पुढे उभी असलेली मुलगी हीच शीट पिवळ्या हायलायटरने रंगवत होती. कूलरच्या वाऱ्याने कागद उडत होता, तो कोपराने दाबून ती ओठातल्या ओठात म्हणत होती, 'पर्यटनवाद, पर्यटनवाद.' नवतप्याच्या उन्हात सायकलने अभ्यासिकेतून आली असावी. तिचा काय दोष? तिला क्लासने दिलं ते ती पाठ करतेय. आणि खरं सांगू, शीट बनवणाराही रात्री अकराला कोणाची तरी वर्ड फाइल पुढे ढकलणारा, महिन्याच्या पगारावरचा पोरगाच असेल. मी तिला म्हटलं, पर्यटन एवढंच लिही. तिने मान वर केली आणि विचारलं, 'पण ताई, पेपरमध्ये पर्यायात वाद आला तर?'

काय सांगू तिला.

तर ज्यांच्या घरी ही शीट आलीय त्यांनी पेन काढा. बुद्धिझमपुढे बौद्ध धम्म लिहा. टुरिझमचा वाद खोडा, पर्यटन ठेवा. संधिवादाचा संधिवात करा. मद्यवाद जाऊन मद्यासक्ती, आत्मवाद जाऊन स्वमग्नता. कम्युनॅलिझमपुढे साम्यवाद छापलाय, तो जमातवाद, साम्यवाद कम्युनिझमचा. इगोइझम आणि इगोटिझम एकच धरलेत: पहिला स्वहित हाच पाया मानणारा विचार, तिथे वाद चालेल; दुसरा सारखं मी-मी करणं, तिथे आत्मप्रौढी लिहा. सेक्युलरिझमला धर्मनिरपेक्षता बरोबर आहे, पण हिंदी माध्यमाच्या मित्राला सांगा की संविधानाच्या हिंदी प्रास्ताविकेत शब्द पंथनिरपेक्ष असा आहे. अडलं तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश नेटवर फुकट आहेत, तिथे शब्द टाकून बघा. आणि प्रिझमची ओळ अख्खी खोडा, तो या यादीतलाच नाही.