डबा लावून ठेवा

१९७३ साली आमच्या लालबागच्या चाळीत पेट्रोलवर चालणारी वस्तू एकच होती : अण्णांचा सिगारेटचा लायटर. मोटार सोडाच, स्कूटरही कुणाकडे नव्हती. पण पेट्रोलची टंचाई सुरू झाली आणि त्या लायटरच्या बळावर अण्णा रातोरात चाळीचे तेलतज्ज्ञ झाले. गिरणीतून पहिली पाळी करून आले की गॅलरीत पेपर पसरायचे, लायटरचं झाकण खटकन उघडायचे, खटकन मिटायचे आणि सिगारेट काडेपेटीनं पेटवायचे. परिस्थिती किती गंभीर आहे ते तेवढ्यावरून कळायचं.

परिस्थिती गंभीर होतीच. ऑक्टोबरात इजिप्त-सीरिया आणि इस्राएल यांच्यात युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल आवरतं घेतलं आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरला जाऊन भिडला. अण्णा हे सगळं एका वाक्यात सांगायचे, "अरबांनी नळ बंद केलाय." आमच्याकडे नळ रोज पहाटे यायचा आणि लोकांचे डोळे पुरते उघडायच्या आत जायचा. त्यामुळे नळ बंद होण्याचं कुणाला काही वाटलं नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी एवढंच विचारलं, "मग येतो किती वाजता?"

नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीत बसून संसदेवर गेले. अण्णांनी ती बातमी मोठ्यानं वाचली, पेपर फिरवून सगळ्यांना दाखवला. माझी आजी कोकणातली. तिचा जन्म बैलगाडीच्या दांडीवर गेलेला. ती म्हणाली, "चाकाला वंगण कुठलं घातलं, ते लिहिलंय का?" अण्णांनी लायटर मिटला.

आजीला या टंचाईचं कौतुक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला कूपनं होती आणि घाटातल्या गाड्या मागे भट्टी बांधून कोळशाच्या गॅसवर चालायच्या, तो काळ तिनं पाहिला होता. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि गाडी ढकलायची. तिकीट मात्र पूर्ण. "तेव्हा आम्ही ढकलली," असं ती अशा थाटात सांगायची की ते युद्ध त्या ढकलण्यामुळेच जिंकलं असावं.

आमच्यापर्यंत पेट्रोलची टंचाई यायची ती रॉकेलच्या रूपानं. आमचा पत्ता सांगताना 'गॅस कंपनी लेनच्या जवळ' असं सांगावं लागे, पण घरात गॅस नव्हता. होता तो पितळी स्टोव्ह. त्याला पंप मारायचा, पिन मारायची, भडका उडाला की मागे सरायचं, आणि हे सगळं टाकीत रॉकेल असेल तर. रॉकेल रेशन कार्डावर. कार्डावर किती मिळणार ते सरकार ठरवायचं, कधी मिळणार ते टँकर ठरवायचा.

टँकर कधी येणार हे दुकानदार शेठ कधीच सांगत नसे. पण समोरच्या खोलीतल्या आजींना ते बरोबर कळायचं. त्या सकाळी देवळात जाताना दुकानाकडे एक नजर टाकायच्या आणि परत येऊन जाहीर करायच्या, "मळका शर्ट." शेठ एरवी पांढराशुभ्र शर्ट घालून गल्ल्यावर बसायचा. रॉकेल मापायचं असलं की जुना, डागाळलेला. या एका निरीक्षणावर अख्खी चाळ चालायची. मळका शर्ट म्हटलं की प्रत्येक दारातून एकच हाक, "पोरी, जा, डबा लावून ठेव!"

डबा लावणं हे आम्हा पोरांचं काम. वनस्पती तुपाचे डबे, तेलाचे डबे, दोरीची कडी केलेले, तारेची कडी केलेले, ऑइलपेंटनं आडनाव लिहिलेले, सगळे फुटपाथवर एकामागे एक. आमच्या डब्याला पोचा होता, त्यामुळे नाव लिहायची गरज पडली नाही. एकदा डबा लागला की माणसानं घरी जायला हरकत नसे. ज्यांच्याकडे रिकामा डबा नव्हता ते वीट ठेवत. वीट चालेल का, यावर बरेच दिवस खल झाला. शेवटी तळमजल्यावरच्या काकूंनी निवाडा दिला. डबा म्हणजे माणूस. वीट म्हणजे डबा, पण टँकर दिसेपर्यंतच. चप्पल मात्र चालणार नाही, कारण एकच चप्पल ठेवून दुसरी घालून गेलेला माणूस लांब गेलेला नसतो, त्यानं मुकाट्यानं उभं राहावं. पुढे मी कायद्याच्या पदव्या घेतलेले बरेच लोक पाहिले, पण इतका स्वच्छ निवाडा ऐकला नाही.

पोरांना राखणीला ठेवायचं कारण म्हणजे डबे चालायचे. सकाळी आमच्या मागे असलेला निळा डबा दुपारी आमच्या पुढे कसा, याचं उत्तर निळ्या डब्याच्या मालकिणीलाही देता येत नसे. "वाऱ्यानं सरकला असेल हो," म्हणायच्या. वारा नेहमी दुकानाच्या दिशेनं वाहायचा.

टँकर आला की रांग माणसांची व्हायची आणि दंगा सुरू. शेठ पिंपातून रॉकेल काढायचा, मापात उंचावरून धार सोडायचा. उंचावरून सोडलं की फेस येतो, आणि फेसाचे पैसे आपण देतो. म्हणून माप भरलं की सगळ्या बायका एका सुरात ओरडायच्या, "फेस बसू दे!" शेठ फेस बसायच्या आत नरसाळ्यात माप उपडं करण्यात पटाईत. त्याचा हात आणि बायकांचा आवाज यांच्यात बहुतेक वेळा शेठच जिंकायचा. आणि आपला नंबर दोनतीन माणसांवर आला की तो शर्टाला हात पुसून म्हणायचा, "संपलं." पिंप वाकडं करून दाखवायचा. पिंप खरंच रिकामं असायचं. ते कधी रिकामं झालं, ही वेगळी गोष्ट.

मग घरचं राजकारण. स्टोव्ह एकदा पेटवला की त्या एका पेटवण्यात जे जे शिजायचं ते शिजलं पाहिजे. आई आधी सगळं मांडून घ्यायची, डाळ भिजलेली, भाजी चिरलेली, आणि मगच काडी ओढायची. स्टोव्हचा फरफर आवाज गॅलरीत गेला की शेजारच्या वहिनी दुधाचं पातेलं घेऊन दारात. "तुमचा पेटलाच आहे, तर एवढं वर येऊ द्या ना." नाही म्हणता येत नसे, कारण परवा आमचा चहा त्यांच्या स्टोव्हवर झालेला. कुणाकडे कुणाचा किती जाळ बाकी, हे तोंडी लक्षात ठेवायचं. दूध तापवलं त्याच्या बदल्यात चहा चालतो, पण तुरीची डाळ शिजवून घेतली आणि नुसता चहा परत केला तर दोन घरांचं बोलणं बंद होई. पाहुणे आले तर आई त्यांना भर डिसेंबरात विचारायची, "सरबत घेणार?"

आणि सगळ्याला वास. भाताला, टॉवेलला, भूगोलाच्या वहीला. पिशवीत डब्याशेजारी पाव ठेवला की तो पाव कुणी खायचा यावर रात्री चर्चा.

त्याच सुमाराला महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचे मोर्चे निघत. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे आणि मागे मुंबईभरच्या बायका हातात लाटणी घेऊन, थाळ्या बडवत. आमच्या चाळीतून बऱ्याच जणी गेल्या. आईही गेली, कडेला कुंकू लावलेलं नवं लाटणं घेऊन. जुनं नेलं असतं तर हरवलं असतं, असं तिचं म्हणणं. दादा कामावरून आले तर पोळ्या नव्हत्या. ते म्हणाले, "लाटणं मोर्च्याला गेलं म्हणून?" आई म्हणाली, "लाटणी दोन आहेत. रॉकेल एकही थेंब नाही." दादा त्या दिवसापासून मोर्च्याच्या बाजूचे झाले.

चेंबूरला मावशीकडे गेलं की रात्री माहुलच्या बाजूला रिफायनरीच्या चिमणीवरचा जाळ दिसायचा. तिथे १९५४-५५ पासून दोन मोठ्या रिफायनऱ्या तेल शुद्ध करताहेत, हे मला शाळेत शिकवलं होतं आणि मी ते आईला सांगितलं. आईचं लक्ष जाळाकडे. "बघ बाई, रात्रभर नुसता जातोय. एक भाताचं पातेलं तरी ठेवायचं वर." अजूनही त्या बाजूला गेले की मी मनातल्या मनात तिथे कुकर लावते.

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या तेलविहीर खोदणाऱ्या रिगनं मुंबईच्या किनाऱ्यापासून दीडेकशे किलोमीटरवर समुद्रात तेल शोधून काढलं. अण्णांना आपलं स्वतःचंच काही सापडल्यासारखा आनंद झाला. त्यांनी त्या दिवशी लायटरनं सिगारेट पेटवली. समुद्रातून पाइप येणार, मुंबईत येणार, म्हणजे लालबागला येणार, इथपर्यंत त्यांनी तो आणून सोडला. आजी चिंतेत. "आता बोंबलाला रॉकेलचा वास येणार." तेल प्रत्यक्ष निघायला १९७६ उजाडलं. आमच्या रांगेवर त्याचा काही परिणाम दिसला नाही. बोंबलावरही नाही.

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा घरात गॅसचा बाटला होता आणि मला वाटलं, सुटले. मग १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत गिळलं आणि कळलं की आपल्या घरात आता स्कूटर आहे.

ऑक्टोबरात पेट्रोलवर २५ टक्के अधिभार बसला. अमक्या पंपावर नाही, तमक्या पंपावर दोनच लिटर देतात, अशा बातम्या रोज. आमच्या ह्यांनी स्कूटर अशी चालवायला सुरुवात केली की ती मुळात इंजिनावर चालते हे कुणाला पटलं नसतं. उतार आला की इंजिन बंद. पूल चढताना मी किती जाड झाले आहे याचा विचार, उतरताना भगवंताचं नाव. "अहो, ब्रेक!" म्हटलं तर म्हणत, "ब्रेक मारला की आतापर्यंतचं पेट्रोल वाया." हे शास्त्र त्यांना ऑफिसात कुणीतरी शिकवलं होतं.

नातेवाइकांची प्रतवारीही पेट्रोलवर होऊ लागली. ठाण्याची मावशी जवळची. बोरिवलीची आत्या सख्खी, पण मध्ये अख्खं नॅशनल पार्क. वळसा घालून जायचं म्हणजे तेल. आत्यांच्या घरचं केळवण, बारसं, सगळं आम्ही लोकलनं दादरला गाडी बदलून केलं, आणि आत्यांना अजून वाटतं की आमचं त्यांच्याशी काहीतरी बिनसलं होतं.

टाकीत किती उरलं हे बघायला काटा नव्हता. हे माझी स्वेटर विणायची सुई आत बुडवायचे आणि ओल्या खुणेवरून निदान करायचे. त्या हिवाळ्यात मुलाला झालेला स्वेटर शाळेतल्या बाई म्हणे जवळ घेऊन हुंगायच्या. सुईनं 'आहे' म्हणायचं आणि गाडी भांडुपला बंद पडायची. मग मी उतरायचं, पदर खोचायचा, डबा-पिशवी सांभाळायची, आणि ह्यांनी स्कूटर आडवी करायची. टाकीच्या तळाशी राहिलेलं चूळभर पेट्रोल नळीकडे येतं. पुन्हा उभी, किक, किक, किक. चालू झाली की हे विजयी चेहऱ्यानं निघायचे आणि जरा पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की मागे कुणी बसलेलं नाही.

तेव्हा कुवेतहून लाखाच्या वर भारतीयांना विमानांनी परत आणलं गेलं. आमच्या मागच्या इमारतीत एक कुटुंब अंगावरच्या कपड्यांनिशी आलं. गृहस्थ तिकडे एका दुकानात हिशेब लिहायचे. पण कुवेतहून आलेला माणूस म्हणजे त्याला पेट्रोलचं ठाऊक असणारच, म्हणून लोक त्यांना जिन्यात गाठून विचारायचे, "काय म्हणता, केव्हा सुरळीत होईल?" सर्वस्व गमावून आलेला तो माणूस अगदी सभ्यपणे सांगायचा, "पुढच्या आठवड्यात."

पुढच्या टंचाया मला किरकोळ वाटतात. जानेवारी २००९ मध्ये तेल कंपन्यांचे अधिकारी पगारवाढीसाठी संपावर गेले, पंप कोरडे पडले, दोनतीन दिवसांत मिटलं. १ आणि २ जानेवारी २०२४ ला नव्या कायद्यातल्या अपघाताच्या शिक्षेविरुद्ध ट्रकचालकांनी चाकं थांबवली, तेव्हा व्हॉट्सअॅपवर निरोप आला आणि अर्धं मुलुंड पंपावर. तेव्हा हे निवृत्त होते, जायचं कुठेच नव्हतं. तरी टाकी भरायला गेले. अर्ध्याहून जास्त भरलेलीच होती, पण रांगेत जुने ओळखीचे बरेच भेटले म्हणाले.

आता सूनबाईनं विजेची स्कूटर घेतली आहे. पेट्रोलचा प्रश्नच मिटला. सोसायटीत चार्जिंगचा पॉइंट एक आणि गाड्या पाच. रात्री दहाला जो आधी लावेल त्याची. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणानं खिडकीतून वायर सोडली, ती कमिटीनं काढायला लावली. यादी करून पाहिली, यादीत खाडाखोड झाली. परवा सेक्रेटरींनी नोटीस लावली : 'चार्जिंगच्या जागेत कुंड्या ठेवून जागा अडवू नये.' आमची कुंडी नाहीच. आमची बादली आहे, आणि बादलीबद्दल नोटिशीत काही म्हटलेलं नाही.