रात्रपाळीची ‘सवय’ झाली म्हणजे नेमके काय झाले?

‘द मशिनिस्ट’ हा २००४ सालचा चित्रपट मी दोनदा पाहिला आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करीत होतो आणि दर तिसऱ्या आठवड्याला माझी रात्री ११ ते सकाळी ७ अशी ‘थर्ड’ असे. दुसऱ्यांदा पाहिला तो पाळ्यांचे काम सोडून बरीच वर्षे लोटल्यानंतर, आणि तेव्हा मला माझीच भीती वाटली.

चित्रपटाचा नायक आमच्यासारखाच यंत्रावर काम करणारा कामगार आहे. तो वर्षभर झोपलेला नाही. या भूमिकेसाठी ख्रिश्चन बेलने सुमारे २८ किलो वजन उतरवले होते, त्यामुळे पडद्यावरच्या त्या बरगड्या खऱ्या आहेत. इतर कोणालाही न दिसणारा एक सहकारी त्याला दिसतो आणि त्याचे भान सुटल्यामुळे दुसऱ्या कामगाराचा हात यंत्रात जातो. पहिल्यांदा हे सगळे पाहून मला चक्क दिलासा मिळाला होता. मी दिवसा पडदे ओढून चार-साडेचार तास झोपत होतो, मला कोणी भलते माणूस दिसत नव्हते, वजनही जागेवर होते. तेव्हा माझे बरे चालले आहे, असा निष्कर्ष मी काढला.

हा निष्कर्ष चुकीचा होता, आणि झोपेविषयीचे चित्रपट आपल्याला नेमके इथेच चकवतात असे माझे मत आहे. त्यांच्या कथेत आधी पाप घडते आणि मग झोप उडते. ‘द मशिनिस्ट’च्या नायकाने एका लहान मुलाला गाडीखाली चिरडून पळ काढलेला असतो, तो कबुली देतो तेव्हाच त्याचा डोळा लागतो. मूळ नॉर्वेतील १९९७ चा ‘इन्सोम्निया’ आणि त्यावरून ख्रिस्तोफर नोलनने २००२ मध्ये केलेला त्याच नावाचा चित्रपट यांतही, सूर्य न मावळणाऱ्या प्रदेशात गेलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून धुक्यात स्वतःचाच सहकारी मारला जातो आणि त्यानंतर त्याला झोप कशी ती लागत नाही. कलाकृती म्हणून हे मला मान्य आहे. परंतु अंबड-सातपूरच्या कामगाराच्या जागरणामागे असे कोणतेही रहस्य नसते, तिथे फक्त भिंतीवर लावलेला पाळ्यांचा तक्ता असतो.

आधी जागरण आणि मग पाप, हा खरा क्रम महाभारताने अधिक अचूक ओळखला आहे, असे मला वाटते. सौप्तिकपर्वात वडाखाली कृपाचार्य आणि कृतवर्मा झोपी जातात, अश्वत्थामा मात्र क्रोधाने जागा राहतो, झोपलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड पाहतो आणि त्यातून झोपलेल्या सैन्याच्या संहाराचा बेत त्याच्या मनात शिजतो. कृपाचार्य त्याला काय सांगतात? तू पुष्कळ काळ जागा आहेस, आजची रात्र झोप, उद्या लढू. म्हातारपणी आलेले ते शहाणपण होते. अश्वत्थाम्याने ते ऐकले नाही.

आता शास्त्र काय म्हणते ते सांगतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगात निरोगी माणसांच्या वेगवेगळ्या गटांना १४ दिवस रोज ४, ६ किंवा ८ तास झोपू दिले गेले. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांचे लक्ष आणि स्मरण दिवसागणिक ढासळत गेले आणि शेवटी ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीवर आले. मला हादरवणारी गोष्ट पुढे आहे. आपल्याला किती झोप येते आहे, असे विचारल्यावर त्यांची उत्तरे पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. मन खालावत होते आणि ते मोजणारेही तेच मन होते. ‘सवय झाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा हेच झालेले असते.

माझ्यापुरते सांगायचे तर एका पहाटे साडेचारच्या सुमारास मी तपासणीच्या कागदावर सलग आठ ओळींत एकच माप लिहिले होते. मी मायक्रोमीटर लावून मोजले, याची मला पूर्ण खात्री होती. पण त्यातले पाच जॉब, म्हणजे घडवायचे सुटे भाग, अजून यंत्रावरून उतरलेच नव्हते. दुसऱ्या एका सकाळी मी मोटारसायकलने घरी पोहोचलो, तेव्हा त्रिमूर्ती चौकातून आलो एवढे निश्चित होते, पण तो चौक आठवत नव्हता. ताशी ५० किलोमीटर वेगाने तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी ४० मीटरहून अधिक अंतर चालकाविना जाते.

मात्र त्या काळात सर्वांत जास्त बिघडले ते माणसांशी असलेले नाते. नसलेला माणूस मला दिसला नाही, पण असलेल्या माणसांत नसलेले हेतू दिसू लागले. माझ्याच पाळीतला एक ऑपरेटर माझ्याविषयी सुपरवायझरकडे काहीबाही सांगतो, असे माझ्या मनाने घेतले; तो हसला तरी मला टोचायचे, गप्प राहिला तरी टोचायचे. घरी मुलाच्या हातून पेला पडला तरी माझा आवाज चढायचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रणाच्या एका अभ्यासात, रात्रभर जागे ठेवलेल्या माणसांच्या मेंदूतील अमिग्डाला हा भीती आणि रागाशी निगडित भाग, अप्रिय चित्रे पाहताना झोपलेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के अधिक उसळत असल्याचे आढळले. हे वाचले त्या दिवशी मला माझ्या मुलाचा चेहरा आठवला.

आपण दारू पिऊन वाहन चालवणाऱ्याला गुन्हेगार मानतो, आणि ते योग्यच आहे. आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी ५० मिलिग्रॅमवाल्याइतकी घसरते, असे १९९७ मध्येच दाखवले गेले आहे. तरीही डबल ड्यूटी करून थेट गाडीवर बसणाऱ्याला आपण कष्टाळू म्हणतो. वनवासात लक्ष्मण चौदा वर्षे झोपला नाही, ही कथा पंचवटीत लहानाचे मोठे होताना आम्ही भक्तिभावाने ऐकली, आणि त्या भक्तीला माझा नमस्कारच आहे. पण निफाड-दिंडोरीच्या ज्या शेतकऱ्याला रात्रीच्या विजेवर पाणी भरण्यासाठी बिबट्याच्या भीतीत बांधावर उभे राहावे लागते आणि दिवसा पुन्हा बागेत राबावे लागते, त्याच्या जागरणाला तप म्हणणे मला क्रूर वाटते. ती व्यवस्थेने त्याच्याकडून काढून घेतलेली झोप आहे.

पाळ्या पूर्ण बंद करता येणार नाहीत, हे मी जाणतो. परंतु पाळी बदलताना सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट क्रमापेक्षा अधिक सोसतो, हे माहीत असूनही किती तक्ते तसे बनतात? रात्री मध्येच वीस मिनिटे पडायला एक खोली, थर्ड सुटल्यावर घरी सोडणारी बस, डबल ड्यूटीनंतर सक्तीची विश्रांती, या मागण्या संघटनांनी पगारवाढीच्या शेजारी मांडायला हव्यात.

तो ऑपरेटर मला मागच्या दिवाळीत भेटला. मी त्याच्या घरी गेलो, चहा झाला आणि मी मनातले सगळे सांगून त्याची माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “साहेब, त्या वर्षी मला वाटायचं, तुम्हीच माझं नाव वर सांगताय.” आम्ही दोघेही तेव्हा थर्डला होतो.