खालच्या थरातलं संत्रं

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

हिंगणा एमआयडीसीत आम्ही खोकी बनवतो. दोन वर्षांपासून काटोलची एक पोरगी आमच्या टीममध्ये आहे, घरची संत्र्याची बाग. सकाळी कॅन्टीनमध्ये चहा घेताना तिने पिशवीतून एक संत्रं काढलं आणि अंगठ्याने दाबलं. अंगठा सरळ आत गेला. "सर, हे खालच्या थरातलं. वरून खोकं एकदम चांगलं दिसते. पण ट्रकमध्ये ओल धरली की कोपरे बसतात अन् सगळा भार खालच्या फळावर येते. भोकं पण चुकीच्या जागी आहेत आपली." चहा संपायच्या आत मला सगळं समजलं होतं.

अकरा वाजता तेच तिने मीटिंगमध्ये मांडलं. 46 स्लाईड. पहिल्या पाच-सहा आमच्या कंपनीची ओळख, आमच्याच लोकांना! मग बारीक अक्षरातले तक्ते. तोंड पडद्याकडे, पाठ आमच्याकडे, इंग्रजी ओळी एकामागून एक वाचत होती, आवाज कापत होता. संत्रं पिशवीतच राहिलं. मोठ्या साहेबांनी मोबाईलमधून मान वर केली आणि म्हणाले, "तयारी नाही तुमची." अहो, रात्री दोनपर्यंत जागली होती ती!

राग तिच्यावर नाही. तिला हे शिकवलं कोणी? आपणच ना! कमी स्लाईड दिसल्या की "एवढंच?" म्हणणारे आपणच. मराठीत बोललं तर पोरगी कच्ची समजणारेही आपणच. समोरचे सगळे वऱ्हाडी, नागपुरी, आणि इंग्रजी कोणासाठी?

2009 साली मीही हेच केलं होतं. बुटीबोरीत होतो तेव्हा. कॉम्प्रेसर बदलायचा म्हणून दोनदा प्रेझेंटेशन दिलं, दोन्ही वेळा "पुढच्या तिमाहीत बघू". तिसऱ्यांदा आमचे फिटर काका सोबत आले. काचेची बरणी त्यांनी टेबलावर ठेवली. त्यात कॉम्प्रेसरचं तेल, डांबरासारखं काळं. बरणी तिरपी केली तर तेल हलायला तयार नाही, आणि तळाशी लोखंडाचा चुरा चमकत होता. "साहेब, पंधरा दिवस चालते. मंग मशीनच बसते." बस. दहा मिनिटांत मंजुरी.

हो, आकडे लागतात. बँकेला लागतात, ऑडिटला लागतात. मान्य. पण ते कागदावर छापून हातात द्या ना, लोक बसून वाचतील. अमेझॉनच्या जेफ बेझोसने 2004 मध्येच वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट काढून टाकलं. सहा पानांचं टिपण आधी सगळ्यांनी गप्प बसून वाचायचं, मगच बोलायचं.

आणि स्लाईडमध्ये गोष्ट पुरली की काय होतं, ते कल्पना चावलाच्या कोलंबिया यानाने दाखवलंय. 2003. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी स्लाईड केल्या. आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा शेकडो पट मोठा होता, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एका स्लाईडच्या अगदी तळाशी होती. सात जण परत आले नाहीत. फोमने घात केला, स्लाईडने नाही, हे मलाही कळतं. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाईडवर बोट ठेवलं, ते उगाच नाही. काकांनी बरणी सगळ्यात आधी ठेवली होती. शेवटी नाही.

थोडा शांत झालोय आता. जे उद्या-परवा कुठे उभे राहणार असतील त्यांच्यासाठी लिहितो. पहिलं वाक्य पाठ करा, बाकीचं आपोआप येतं. मागे बसलेल्याला चष्म्याशिवाय दिसेल एवढं अक्षर ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाईड शो चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबा, पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. पडदा काळा झाला की सगळे तुमच्या तोंडाकडे पाहतात, तेव्हाच मुख्य गोष्ट सांगा. काय हवंय ते स्पष्ट मागा. काका "पंधरा दिवस" म्हणाले होते, "शक्य तितक्या लवकर" नाही.

आणि ऐकणाऱ्यांनो, समोर पोरगी घाबरून उभी असताना मोबाईल खाली ठेवा. "पाणी पी, सावकाश सांग" एवढं तरी म्हणा. आज मी म्हणालो नाही. मी तिथेच बसलो होतो, सगळं माहीत असून.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, "सॉरी सर." वाचून पोटात कालवलं. लगेच साहेबांना फोन लावला. गुरुवारी पंधरा मिनिटं दिलीत. तिला सांगितलंय, लॅपटॉप आणू नको. एक खोकं आण, ट्रकमधून उतरलेलं, न उघडलेलं. साहेबांच्या समोर उघडू, आणि खालच्या थरातलं संत्रं त्यांच्याच हातात देऊ.